बीएस्सीच्या पहिल्या वर्षी काहीच कळत नाही, तेव्हा नेमकं कुणाकडे जायचं?

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुलाही दिसेल. परभणीकडच्या एका गावातून तू पुण्यात आलीस. अकरावी-बारावी लातूरला इंटिग्रेटेड क्लासमधून झाली, ‘नीट’ या मेडिकल प्रवेश परीक्षेत हवे तेवढे मार्क पडले नाहीत, म्हणून बॉटनी घेऊन बीएस्सीला प्रवेश घेतलास. कॉलेज सुरू होऊन दोन महिने होत आले. लेक्चर इंग्रजीत चालतं, मायक्रोस्कोपमधून ‘नुसतं धुकं’ दिसतं, जर्नल सगळे एकमेकांचं बघून उतरवतात म्हणून तूही उतरवतेस. मेंटॉर म्हणून एका मॅडमचं नाव नोटीस बोर्डावर लागलंय, पण त्यांच्याकडे जाऊन विचारायचं काय हेच सुचत नाही. घरून ‘परत नीट दे’ चालू आहे. आणि शेवटी तू विचारलंयस की आमच्यासारख्यांसाठी कॉलेजात काही मदत असते, की ज्याचं त्यानं बघायचं?

मी बॉटनी शिकवते. इतक्या वर्षांत पीजीचे तास मिळाले तरी पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकल्स मी सोडली नाहीत, कारण मुलं टिकतात की गळतात ते तिथेच ठरतं असा माझा अनुभव आहे. विद्यार्थ्यांना अरे-तुरे करायची सवय आहे, तुलाही तसंच बोलते, राग मानू नकोस.

मदत असते. पण ‘मदत कक्ष’ अशी पाटी लावलेल्या खोलीत ती क्वचित सापडते. ती माणसामाणसांत विखुरलेली असते. लॅबमधल्या मामांकडे थोडी, लायब्ररीच्या काउंटरवर थोडी, स्कॉलरशिपच्या टेबलावरच्या क्लार्ककडे थोडी, एसवायच्या, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या, एखाद्या ताईकडे थोडी. यांच्यापैकी कुणाहीकडे जाऊन ‘मला काहीच कळत नाही’ म्हटलंस तर समोरचा फार तर ‘हळूहळू कळेल’ म्हणेल, कारण याहून जास्त त्यालाही सांगता येत नाही. तेच ‘मायक्रोस्कोपचं ४५एक्सचं भिंग लावलं की सगळं काळं होतं, का?’ असं विचारलंस तर जागेवर उत्तर मिळतं. तुझी अडचण मला इथे दिसते. तुला जे कळत नाही ते विचारता येण्याइतकं लहान झालेलं नाही. ते लहान करण्याची सगळ्यात सोपी जागा म्हणजे प्रॅक्टिकल, म्हणून मी तिथूनच सुरुवात करायला सांगणार आहे.

आधी एक कबुली. यातलं बरंच काही कॉलेजवर अवलंबून आहे. स्वायत्त कॉलेज, जुनं अनुदानित कॉलेज आणि दोन खोल्यांत चालणारी विनाअनुदानित तुकडी यांत फार फरक असतो. बऱ्याच ठिकाणी निम्म्याहून अधिक शिकवणारे तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, असतात. सीएचबीवरचे सर तास संपल्यावर थांबत नाहीत म्हणून त्यांना मुलांची पर्वा नाही असं समजू नकोस, त्यांना पुढचा तास दुसऱ्या कॉलेजात गाठायचा असतो. त्यांना गाठायचं असेल तर तास सुटल्यावर जिन्यात, चालता चालता. तुझी घरची परिस्थिती, हॉस्टेल मिळालंय की भाड्याच्या खोलीत कॉट बेसिसवर राहतेस, हेही मला माहीत नाही. त्यामुळे तुझ्या कॉलेजात जे नसेल ते सोडून दे.

आता हे धुकं. इंटिग्रेटेड क्लासमधून आलेल्या मुलांची एक ठरलेली गोष्ट असते. बारावीच्या प्रॅक्टिकलचे मार्क भरघोस असतात आणि मायक्रोस्कोपला हात लावलेला नसतो. यात तुझा दोष नाही. दोन वर्षं चारातला एक पर्याय निवडायचं शिक्षण मिळालं, त्यात कव्हरस्लिप कशी ठेवायची हे कुठे येणार? पण त्यामुळे होतं काय, की सगळ्या वर्गाला जमतंय आणि आपल्यालाच दिसत नाही असं प्रत्येकाला वाटत राहतं. खरं तर शेजारच्या टेबलावरची मुलगीही धुकंच बघत असते आणि पुस्तकातलं चित्र बघून आकृती काढत असते. माझ्या वर्गात दर वर्षी पहिल्या एक-दोन प्रॅक्टिकल्सना हवेच्या बुडबुड्याची अतिशय सुबक आकृती मला तपासायला मिळते, खाली ‘प्लांट सेल’ लिहिलेलं असतं.

बुडबुडा ओळखायची खूण सांगते. कडा जाड आणि काळीकुट्ट, आकार कंपासने काढल्यासारखा गोल, आत काहीही नाही. पेन्सिलच्या टोकानं कव्हरस्लिपवर अलगद दाब दे. तो सरकतो किंवा पसरट होतो. पेशी तशी वागत नाही. दुसरी खूण धुळीची. एखादा काळा ठिपका दिसत असेल तर आयपीस, म्हणजे डोळ्याकडचं भिंग, बोटानं फिरव. ठिपका सोबत फिरला तर तो आयपीसवर आहे. स्लाइड सरकवल्यावर सरकला तर स्लाइडवर. दोन्हीने हलत नसेल तर बहुधा ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे स्लाइडकडचं भिंग, पुसायला हवं, आणि ते लेन्स पेपरनं. ओढणीनं किंवा रुमालानं कधीच नाही.

धुक्याची कारणं बहुतेक वेळा तीन-चारच असतात. मागच्या बॅचमधल्या कुणीतरी ४५एक्सचं भिंग ओल्या स्लाइडला टेकवलेलं असतं आणि त्यावर सॅफ्रनिनचा लाल रंग वाळून बसलेला असतो. किंवा डायफ्राम, म्हणजे उजेड कमी-जास्त करायची झडप, पूर्ण उघडा असतो, त्यामुळे उजेड इतका होतो की पारदर्शक पेशींच्या कडाच दिसत नाहीत. किंवा स्लाइड उलटी ठेवलेली असते, म्हणजे कव्हरस्लिप खाली. मग १०एक्सवर थोडंफार दिसतं आणि ४५एक्सवर काही केल्या फोकस होत नाही. किंवा सेक्शन, म्हणजे आपण घेतलेला काप, जाड असतो. ही कारणं एकेक करून तपासली तर पाच मिनिटांत निकाल लागतो. नाहीच लागला तर ‘मॅडम, भिंग पुसलं, डायफ्राम कमी केला, स्लाइड सरळ आहे, तरी दिसत नाही’ असं सांग. असं सांगणाऱ्या मुलीकडे शिक्षक वळून बघतो. आमच्याकडे ‘मॅडम, दिसत नाही’ म्हणणारे वीस असतात, काय काय करून बघितलं हे सांगणारी एखादीच.

कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्क्वॅश, म्हणजे पेशींचं विभाजन बघायला टोक दाबून पसरवलेली स्लाइड, तुमच्याकडे या सेमिस्टरला किंवा पुढच्या सेमिस्टरला येईलच. ती खोलीवर निम्मी करून बघता येते. कांदा पाण्यानं भरलेल्या काचेच्या ग्लासवर असा ठेव की बूड जेमतेम पाण्याला टेकेल. दोन-तीन दिवसांत पांढरी मुळं सुटतात. विभाजन होत असतं ते अगदी टोकाच्या एक-दोन मिलिमीटरमध्ये. मुलं अर्धा इंच मूळ घेतात, आणि मग लांबट, आयताकृती पेशी बघत बसतात; त्या वाढून झालेल्या पेशी असतात, त्यांच्यात विभाजन सापडणार नाही. लॅबमध्ये ते टोक फिक्स करून, सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये मऊ करून, ॲसिटोकार्मिननं रंगवतात. मग कव्हरस्लिप ठेवायची, वर टिपकागदाची घडी, आणि अंगठ्यानं सरळ खाली दाबायचं. अंगठा जरा आडवा सरकला की पेशी गुंडाळल्या जातात आणि सगळी मेहनत वाया जाते. १०एक्सवर आधी लहान, चौकोनी, मोठं गडद केंद्रक असलेल्या पेशींचा पुंजका शोध. तो सापडला की तू बरोबर जागी आहेस. मग ४५एक्स. बहुतेक पेशी इंटरफेजमध्येच, म्हणजे दोन विभाजनांच्या मधल्या अवस्थेत, दिसतील, आणि तेच बरोबर आहे. पुस्तकात विभाजनाच्या चारही अवस्था शेजारी शेजारी छापलेल्या असतात म्हणून मुलांना वाटतं आपलंच काहीतरी चुकलं.

एवढं सविस्तर सांगायचं कारण आहे. जीवशास्त्रात आत्मविश्वास येतो तो आपल्या हातानं केलेल्या स्लाइडमध्ये एक स्वच्छ मेटाफेज, म्हणजे गुणसूत्रं पेशीच्या मध्यावर रांगेत आलेली अवस्था, दिसली की. त्यानंतर त्याच धड्याचं इंग्रजीसुद्धा निम्मं सोपं वाटतं, कारण शब्द कशाबद्दल आहेत ते डोळ्यांनी पाहिलेलं असतं. उलट क्रमानं, म्हणजे आधी शंभर पानं वाचून मग लॅबमध्ये, असं फार थोड्यांना जमतं.

लॅबमधले मामा हा विषय वेगळा घ्यायला हवा. कागदावर ते प्रयोगशाळा परिचर असतात. कुठल्या नंबरचा मायक्रोस्कोप चांगला, स्टेनची ताजी बाटली कुठली, स्पॉटिंगला, म्हणजे नमुने ओळखायच्या परीक्षेला, दर वर्षी कुठली परमनंट स्लाइड ठेवतात, मॅडमचा मूड कधी बरा असतो, हे सगळं त्यांना ठाऊक असतं. प्रॅक्टिकल संपल्यावर काचा धुवायला, स्लाइड्स पेटीत लावायला दहा मिनिटं थांबत जा. नुसतं गोड बोलून होणार नाही, खरोखर धू. एक-दोन आठवड्यांत तेच म्हणतील, ‘दुपारी बॅच नाहीये, ये बघायला.’ अर्थात मॅडमना विचारून बस, त्यांच्या माघारी नको. रिकाम्या लॅबमध्ये, कुणी मागे रांगेत उभं नसताना, एका चांगल्या मायक्रोस्कोपवर मिळालेला अर्धा तास गर्दीच्या दोन प्रॅक्टिकल्सपेक्षा जास्त शिकवून जातो. आमच्या विभागातून पुढे संशोधनाकडे गेलेल्या मुलांमध्ये मला ही लॅबमध्ये रेंगाळायची सवय सारखी दिसली आहे. मार्क सगळ्यांचे भारी होते असं मुळीच नाही.

जर्नलबद्दल. सगळे उतरवतात, तू एकटीनं क्रांती करावी अशी माझी अपेक्षा नाही. फेअर जर्नल सबमिशनच्या रीतीप्रमाणे पूर्ण कर, सर्टिफाय करून घे, ते लागतंच. पण सोबत एक साधी कोरी वही ठेव, रफ. तिच्यात तुला जे दिसलं तेवढंच काढायचं. धुकं दिसलं तर ‘धुकं दिसलं, डायफ्राम बंद केल्यावर कडा दिसल्या’ असं लिही. एचबी पेन्सिल, शेडिंग नाही, शेजारी ऑब्जेक्टिव्ह किती आणि तारीख. व्हायव्हाला बाहेरून आलेले परीक्षक ‘हे तू पाहिलंस का?’ असं विचारतात तेव्हा अशी वही ठेवलेली मुलगी बोलू लागते, उतरवलेली मुलगी गप्प होते. मी स्वतः परीक्षक म्हणून जाते तेव्हा हाच प्रश्न विचारते.

आता मेंटॉर मॅडम. मेंटॉर-मेंटी ही योजना बऱ्याच कॉलेजात नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, फाइलसाठी सुरू झाली हे मी लपवत नाही. वीस-पंचवीस मुलांची यादी, वर्षातून दोन सभा, सह्या, फोटो. पण यादीत नाव आहे म्हणजे तुला जाण्याचा हक्क आहे, आणि बहुतेक शिक्षकांना कुणी आपणहून आलेलं आवडतं. आमच्याकडे येतात ते सही घ्यायला. तू असा निरोप पाठव: ‘नमस्कार मॅडम. मी एफवायबीएस्सी, बॅच बी, आपल्या मेंटी यादीत आहे. बुधवारी प्रॅक्टिकलनंतर दहा मिनिटं भेटू का? दोन गोष्टी विचारायच्या आहेत: सेल बायॉलॉजीसाठी कुठलं पुस्तक आधी वाचू, आणि मोकळ्या वेळात लॅबमध्ये बसायला परवानगी मिळेल का.’ खाली पूर्ण नाव आणि रोल नंबर. नुसतं ‘हाय मॅम’ पाठवून उत्तराची वाट बघत बसू नकोस. तसे निरोप दिवसभरात इतके येतात की उघडलेही जात नाहीत. भेटीला जाताना ती रफ वही ने. दहा मिनिटं झाली की स्वतःहून ऊठ. दुसऱ्यांदा जायला अवघड वाटणार नाही.

पहिल्याच भेटीत सगळी कहाणी सांगायची गरज नाही. नीट, घर, पैसे, हे हळूहळू येतं. पण दोनदा-तीनदा गेलीस की एक दिवस त्यांनाच कळतं की ही मुलगी मेसला सुट्टी असते त्या रात्री वडापाव खाऊन झोपते, आणि मग मदत तू न मागता सुरू होते. हे मी इतक्यांदा पाहिलंय.

तू लिहिलंयस की वर्गात शहरातली मुलं फाडफाड उत्तरं देतात आणि तुझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. इथे मी तुझ्याशी भांडणार आहे. तू खुरपणीला गेली असशीलच. केना, आघाडा, कुर्डू, तरोटा, लव्हाळा, हराळी, गाजरगवत: ही सगळी तू हातानं उपटलेली झाडं आहेत. वर्गातल्या शहरी मुलांपैकी बहुतेकांना लव्हाळा आणि गवत यांतला फरक सांगता येणार नाही. तू लव्हाळ्याचा दांडा बोटांत फिरवून बघितलास तर तीन कोन लागतात, खाली खणलंस तर गाठी लागतात. सायपरेसी या कुळाची ओळख तुला शेतातच झालेली आहे, नाव तेवढं नवीन. केन्याचं तर काय सांगू! त्याची निळी फुलं तू पाहिली आहेस. पण त्याला जमिनीखालीही फुलं येतात, न उमलणारी, स्वतःचं परागण आतल्या आत उरकणारी, आणि त्यांच्यापासून बी धरतं. वरून कितीही खुरपलं तरी केना पुन्हा का येतो यामागचं हे एक कारण. पुढच्या वेळी उपटताना मुळाशी पांढरट फांद्या दिसतात का बघ. शिवाय केन्याच्या पानाची खालची साल अलगद सुटते, त्यामुळे पर्णरंध्रं बघायला ते उत्तम. तुमच्या लॅबमध्ये ऱ्हिओचं पान देतात ना, तो ह्याच कुळातला. मेंटॉर मॅडमकडे न्यायला याहून चांगला प्रश्न मला सुचत नाही: ‘केन्याची जमिनीखालची फुलं कशी शोधायची?’ बॉटनीचा शिक्षक असेल आणि हा प्रश्न ऐकून खुर्चीतून उठला नाही, असं होणं कठीण.

कॉलेजच्या आवारातली पंधरा-वीस झाडं निवडून दर आठवड्याला नुसती बघत जा, कुठलं फुललं, कुठल्याला पालवी आली. सीझनवॉच नावाच्या उपक्रमात अशा नोंदी करता येतात, आयनॅचरलिस्ट आणि इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर फोटो टाकला तर ओळख पटवायला जाणकार मदत करतात. पुण्यात असण्याचा फायदा घे. कोरेगाव रोडला बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं पश्चिम मंडळ आहे, १९५५ पासूनचं, तिथलं हर्बेरियम वर्गासोबत बघून ये. वर्गाची भेट निघत नसेल तर मॅडमना सुचव. आघारकर संस्था, आयसर या संशोधन संस्थांच्या खुल्या दिवसांना जा. मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा ‘नियस’ हा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचा उपक्रम आहे, त्यात जीवशास्त्रही असतं. जाहिरातीवर लक्ष ठेव. हे सगळं पहिल्याच सेमिस्टरला करायचं नाही. एक पुरे.

इंग्रजीचं म्हणशील तर मी सांगते ती पद्धत कंटाळवाणी आहे, पण चालते. लेक्चरमध्ये जमेल तशा मिश्र भाषेत टिपून घे. त्याच संध्याकाळी त्या तासातली एकच आकृती निवड आणि पुस्तकात तिच्या खाली जे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते वाच. मग वही मिटून, आकृती समोर ठेवून, तिच्याबद्दल पाच वाक्यं इंग्रजीत स्वतःची लिही. व्याकरण चुकू दे. अडलं तर मराठी विश्वकोश ऑनलाइन फुकट आहे, नोंद मराठीत वाचून घे आणि पुन्हा पुस्तकाकडे ये. परीक्षेचा पेपर इंग्रजीत असतो, तिथे ही रोजची पाच वाक्यंच कामी येतात. तुझ्यासारख्याच दोघी-तिघी वर्गात नक्की आहेत, त्यांना शोध आणि एकमेकींना मराठीत समजावून सांगा. गाइड विकत घ्यायची घाई करू नकोस. मूळ पुस्तकं महाग असतात हे खरं, पण कॉलेजची बुक बँक विचार, आणि एसवायच्या मुलींकडून जुनी घे. नाहीच तर अप्पा बळवंत चौकात सेकंडहँड मिळतात.

विषयनिवडीचा गोंधळ तू जाता जाता लिहिलायस. नव्या शैक्षणिक धोरणानंतर मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी अशी नावांची जत्रा झाली आहे, आणि खरं सांगू, आम्हालाही ती पाठ व्हायला वेळ लागला. काही विद्यापीठांत पहिल्या वर्षापासून मेजर ठरतो, काहींत पहिलं वर्ष तीन विषय आणि दुसऱ्या वर्षी मेजर. तुझ्या विभागप्रमुखांना विचार. एवढंच सांगते की केमिस्ट्री सोडता येत असेल तरी शक्यतो सोडू नकोस. पुढे बायोकेमिस्ट्री, मॉलिक्युलर बायॉलॉजी, बायोटेक काहीही करायचं झालं तर ती लागते. झूलॉजी घेतलीस तर बेडूक-उंदीर कापावे लागतील का ही भीती काढून टाक. यूजीसीने २०१४ मध्ये विच्छेदन बंद करायला सांगितलं आहे.

पैशांचं काम आत्ताच कर, हे मात्र मी जरा करड्या आवाजात सांगते. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा फॉर्म दर वर्षी भरावा लागतो आणि तो बहुतेक वेळा अडतो तो दोनच जागी. बँक खात्याला आधार जोडलेलं नसतं, किंवा फॉर्म भरला पण कॉलेजच्या लॉगिनमध्ये क्लार्ककडे पडून राहतो. प्रवर्गानुसार पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती असते. खुल्या प्रवर्गात आणि उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना. हॉस्टेल न मिळालेल्यांसाठी वेगळ्या योजना आहेत: अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, त्यात पुण्या-मुंबईसारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मिळतात, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयंम, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना, अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, जातीचा दाखला लागत असेल तर तो आणि त्याची व्हॅलिडिटी (जात पडताळणी), हे दिवाळीच्या सुट्टीची वाट न बघता वडिलांना आजच सांगून काढायला घे. स्कॉलरशिपच्या टेबलावर सकाळी अकराच्या सुमारास जा, शेवटच्या आठवड्यातल्या रांगेत नको. कॉलेजात कमवा आणि शिका योजना असेल तर बॉटनीच्या बागेत किंवा लायब्ररीत काम मागून घे. तासाचे पैसे फार नसतात, पण बागेत काम करणाऱ्या मुलीला रोपं ओळखू येतात हा वरचा नफा.

मन लागत नसेल तर पहिले काही आठवडे ते होतंच, घरची आठवण येते, रविवारी संध्याकाळी जास्त येते. पण झोप उडाली, जेवण जात नाही, सकाळी उठून कॉलेजला जावंसंच वाटत नाही, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर ‘आपोआप जाईल’ म्हणू नकोस. कॉलेजात समुपदेशक आहे का विचार, नसेल तर टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट, मराठीत बोलता येतं. कुणी त्रास देत असेल तर रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. नंबर मोबाइलमध्ये ठेवून दे, लागणार नाहीत अशीच इच्छा.

राहिला नीटचा प्रश्न. हो किंवा नाही मी सांगणार नाही, कारण ते तुझ्या मार्कांच्या फोडीवर अवलंबून आहे. ७२० पैकी ३६० मार्क बायॉलॉजीचे, उरलेले फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे प्रत्येकी १८०. तुझी मार्कशीट काढ आणि कुठे कमी पडलीस ते बघ. फिजिक्समध्ये मार खाल्ला असेल, आणि माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचं तसंच असतं, तर बॉटनीच्या अभ्यासानं ते भोक बुजणार नाही. वर्गात फिजिक्स नाहीच, ते तुला एकटीला करावं लागेल, ७५ टक्के हजेरी सांभाळून. केमिस्ट्री-बायॉलॉजीत थोडक्यात गेलं असेल तर गोष्ट वेगळी. दिवाळीच्या सुट्टीत एक जुना पेपर घड्याळ लावून सोडव. मार्क वाढले का आणि मुळात सोडवताना तुला बरं वाटलं का, दोन्ही बघ, आणि घरी ते आकडे दाखवून बोल. आईवडील ‘परत दे’ म्हणतात तेव्हा त्यांच्यासमोर दुसरा कुठला रस्ताच नसतो. एमएस्सी, बीएड, बियाणं कंपन्या, टिश्यू कल्चर लॅब, राज्याची वनसेवा हे सगळं बॉटनीनंतर आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. आणि पुन्हा नीट द्यायचं ठरलंच तरी या वर्षाची क्रेडिट्स पास झालीस तर अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा राहतात, वर्ष पाण्यात जात नाही. मात्र दोन्हीकडे अर्धं मन ठेवून बसलेल्या मुली मी दर वर्षी बघते, त्यांचं दोन्हीकडे हसं होतं. दिवाळीनंतर एक ठरव आणि मार्चपर्यंत त्यावर पुन्हा विचार करू नकोस.

किट कुठलं घेऊ असंही विचारलंयस. दुकानात मिळणारी चामड्याच्या डब्यातली महागडी डिसेक्शन बॉक्स घेऊ नकोस, त्यातलं निम्मं बॉटनीला लागत नाही. दोन निडल, एक बारीक टोकाचा चिमटा, शून्य नंबरचा ब्रश, ब्लेडचं पाकीट, कव्हरस्लिपची एक डबी, थोडा टिपकागद, एचबी पेन्सिल आणि चांगलं खोडरबर. ब्लेड दर प्रॅक्टिकलला नवं वापर. बोथट ब्लेडनं पातळ सेक्शन कुणालाच येत नाही. ॲप्रन सुती घे, नायलॉनचा नको, बर्नरजवळ काम असतं. हॅंडलेन्स मात्र दहापटीचा आणि बऱ्यापैकी घे, तो पुढची पाच वर्षं वापरशील.